एका दिवसाची भिंत

२ ऑक्टोबर, सोमवार

परवाना मिळाला! कागदावर माझं नाव, आबांचं नाव, आडनाव आणि खाली ‘स्वतंत्र कारागीर’. खिडकीमागच्या बाईंनी शिक्का एवढा जोरात मारला की टेबल हललं. आजपासून मी कुणाचा माणूस नाही. माझा मी.

बाईंनी सांगितलं, रोज काय काम केलं ते वहीत लिहायचं. म्हणून येताना ही वही घेतली. सातवी सोडल्यानंतरची पहिली. सातवीची निम्मी कोरीच राहिली होती, ही भरून दाखवतो.

परवाना अजून कच्चा आहे. तीन महिन्यांत एक तरी काम एकट्याच्या नावावर पुरं करायचं, गिऱ्हाइकाची सही आणायची, मग पक्का. नाही आणली तर रद्द. मग परत मुकादमाच्या टोळीत रंगाचे डबे उचलायचे, नाहीतर सरळ घरी. दोन्हीकडे तोंड दाखवायला जागा नाही, कारण मुकादमाला आज सकाळीच सगळ्यांसमोर सांगून आलो, उद्यापासून मी माझा. तो म्हणाला, “बरं. मग उशीर झाला तर शिव्या कोण घालणार तुला?” सगळी टोळी हसली. हसू दे.

काम ठरलेलं आहे, त्याच्याच जोरावर तर उडी मारली. गेल्या महिन्यात टोळी एका दातांच्या डॉक्टरांच्या नव्या दवाखान्यात रंगाला होती. डॉक्टरांनी मुकादमाला मोबाइलवर एका भिंतीचा फोटो दाखवला. पांढरी, गुळगुळीत, माणसाची सावली उमटेल अशी. मुकादम म्हणाला, असलं इथे कुणी करत नाही, कागद चिकटवून देतो. मी मागे उभा होतो. फोटो बघितला आणि हातातला डबा पडायचाच राहिला. ती तर आमची घोटाई! मुरवलेला चुना आणि संगमरवराची पूड, थरावर थर, आणि ओल आहे तोवर दगडाने घोटत राहायचं, आरसा होईपर्यंत. आजोबांनी तेच केलं, आबा तेच करतात, दादाही तेच. मी घर सोडलं तेच मुळी त्या चुन्याला कंटाळून. आणि समुद्र ओलांडून आलो तर हा पठ्ठ्या माझ्या आधी येऊन बसलाय, तेही सोन्याच्या भावाने! डॉक्टरांना जिन्यात गाठलं आणि सांगितलं, मी करतो.

५ ऑक्टोबर

भिंत मोजली. बावीस फूट लांब, नऊ फूट उंच. पेशंट बसतात त्या खोलीत, खुर्च्यांच्या बरोबर समोर. दाढ काढायला आलेला माणूस तासभर हिच्याकडे बघत बसणार. डॉक्टर म्हणाले, “माणूस घाबरलेला असतो. त्याला बघायला काहीतरी शांत पाहिजे.” डॉक्टर माझ्याशी हळू बोलतात, लहान पोराला ‘आ कर’ म्हणावं तसे, त्यामुळे मला निम्मंअर्धं कळतं. बाकीचं मी मान हलवून भागवतो.

मग विचारलं, “किती दिवस लागतील?”

“एक,” मी म्हटलं. विचारसुद्धा करावा लागला नाही. अशी भिंत एका दिवसाचीच असते. घरी सकाळचा चहा घेऊन हात लावला की दिवेलागणीला चकाचक.

“एकटेच?”

“एकटाच!”

डॉक्टरांच्या भुवया टोपीत गेल्या. खूश झाले असणार. शनिवार एकवीस तारीख लिहून घेतली, त्या दिवशी बाकीचे कारागीर नसतात म्हणून.

विमाही काढायला लागला. माझ्या हातून भिंत पडली तर काय, असं विचारत होता विमेवाला. म्हटलं, भिंत आधीपासून उभी आहे, मी फक्त तिचं तोंड धुणार. तरी काढायला लागला.

९ ऑक्टोबर

अस्तराचा पहिला हात झाला. हात बसतोय! दोन वर्षं रंगाचा रोलर फिरवून गंजला असेल वाटलं होतं, पण थापी हातात घेतली आणि मनगटाला आपोआप आठवलं.

दुपारनंतर एक बाई आली. बाई म्हणजे माझ्याच वयाची असेल, वर्षभर इकडेतिकडे. बांधकामवाले गेले की त्यांची घाण काढायची, काचेवरचे रंगाचे ठिपके, फरशीवरचं सिमेंट, हा तिचा धंदा. स्वतःची पांढरी वॅन आहे. ती फोनवर कुणाला तरी चक्क आपल्या भाषेत झापत होती! इतका आनंद झाला की परांचीवरूनच ओरडलो, “ताई, तुम्ही आपल्याकडच्या?”

फोन बंद करून ती म्हणाली, “ताई कोणाला म्हणतोस? चार भाऊ आहेत मला. पाचवा परवडायचा नाही.”

“मग काय म्हणू?”

“काही म्हणू नकोस. खाली उतर आणि बूट काढ. चुन्याची पावलं जिन्यापर्यंत गेलीत. लक्ष्मी आलीय का दवाखान्यात?”

मग माझी वही दिसली तिला, बादलीवर ठेवलेली. उघडलीच. “‘बाईंनी शिक्का एवढा जोरात मारला की टेबल हललं.’ हे सरकारला कळवायचंय?”

“रोजचं लिहायला सांगितलंय.”

“अरे कंत्राटदारा, किती वाजता सुरू आणि किती वाजता बंद, एवढंच लिहायचं असतं. मनातलं नाही लिहायचं.”

तासांसाठी आता वेगळा कागद केलाय. पण ही बंद करणार नाही. सुरू केलेलं अर्धं सोडतो असं आबा म्हणतात माझ्याबद्दल. मात्र वही आता पिशवीच्या तळाशी ठेवणार. वॅनवालीचा काही भरवसा नाही.

१२ ऑक्टोबर

चुन्याचे सहा डबे घेऊन बसमध्ये चढलो तर ड्रायव्हरने उतरवलं. हे काय आहे विचारलं, मला ‘चुना’ सांगता आलं नाही, मी हाताने हवेत भिंत पुसून दाखवली. त्याला वाटलं बस पुसायची आहे. भर रस्त्यात डब्यांवर बसून राहिलो. शेवटी वॅनवालीला फोन केला. आली, पण आल्यापासून तोंड चालू. इथे गाडी उभी करायचे पैसे माणूस उभा करायच्या पैशांपेक्षा जास्त आहेत, त्यामुळे तिने वॅन थांबवलीच नाही, चालती ठेवली आणि मी पळत पळत डबे आत टाकले. सहाव्या डब्याबरोबर मीही आत पडलो. ती इतकी हसली की सिग्नल हिरवा झालेला दिसला नाही. बेजबाबदार बाई आहे.

सहा वर्षं एकटी धंदा करते. तिच्या नोंदणीच्या नंबरावर एक डाग नाही, एक तक्रार नाही. असं तिनेच सांगितलं, दोनदा. कपाळावर रुमाल बांधते त्याला दोन गाठी मारते. एकीने काम भागतं.

१५ ऑक्टोबर, रविवार

दादाला फोन केला. “भिंत मिळालीय, बावीस बाय नऊ! एका दिवसात देतोय.”

“वा रे पठ्ठे! कोणकोण आहात?”

“मीच.”

दादा म्हणाला, “एका दिवसाची भिंत, म्हणजे कुणाकुणाच्या एका दिवसाची?”

मी बोटांवर मोजायला लागलो. वरून आबा येतात. मधला पट्टा काकाचा. खालून दादा. आई चुना कालवून परात भरलेली ठेवते. आणि मी शिडी हलवणार, पाणी शिंपडणार, कडेचा हात मारणार. म्हणजे पाच. मी पाच माणसांचा दिवस एकट्याच्या नावावर देऊन बसलो होतो. खोटं बोललो नाही मी. आमच्या घरात कामाला माणसं मोजतच नाहीत, भिंत मोजतात.

“आणि तू घोटलंयस कधी?” दादाने विचारलं.

“बघितलंय की. लहानपणापासून.”

“बघितलंय!” मागून कुणीतरी खोकलं. आबा असणार. दोन वर्षांत माझ्याशी फोनवर बोलले नाहीत, पण खोकतात बरोबर.

आता शांतपणे विचार केला. एक म्हणजे, पाच माणसं लागायची कारण आबांचा निम्मा वेळ बाकीच्यांना शिव्या देण्यात जायचा. मी एकटा, शिव्या द्यायला कुणी नाही, तेवढा वेळ वाचला. दुसरं म्हणजे, बघणं म्हणजे अर्धं करणंच. जमेल. जमणारच.

१८ ऑक्टोबर

जमलं! दोन फूट बाय दोन फुटाच्या पाटीवर घोटून बघितलं. आरसा! नाक दिसतं, भुवई दिसते. पळत जाऊन वॅनवालीला दाखवलं. तिने त्यात बघून रुमाल नीट केला आणि म्हणाली, “छान आहे. आता अशा पन्नास जोड, म्हणजे झाली भिंत.”

हिला कौतुक कसं करतात ते शिकवायला पाहिजे कुणीतरी.

२१ ऑक्टोबर

नाही झाली.

२२ ऑक्टोबर, रविवार

काल लिहवलं नाही. आज लिहितो.

सकाळी सहाला डावीकडून सुरुवात केली. अर्धी भिंत अशी सुंदर चढली की मी एकटाच गात होतो. दहा वाजता मध्यावर आलो आणि मागे वळून बघितलं, तर डावीकडचा चुना वाळून पांढराफटक. इथे खोल्या आतून तापवतात, चोवीस तास, भिंतीला चिकटलेल्या लोखंडी नळ्यांनी. आमच्याकडे चुना आपल्या सवडीने सुकतो, इथे पापडासारखा सुकला. डावीकडे घोटायला पळालो तर उजवी वाळायला लागली. उजवीकडे आलो तर डावी गेली. दुपारपर्यंत मी त्या खोलीत नुसता पळत होतो, हातात दगड घेऊन, वेड्यासारखा. शेवटी बरोबर मधोमध एक रेघ उमटली, वरपासून खालपर्यंत, तेल लावून पाडलेल्या भांगासारखी. आणि डाव्या अंगाला दगडाचे करडे ओरखडे.

डॉक्टर संध्याकाळी आले. खिशातून छोटा दिवा काढला, भिंतीजवळ वाकले, दात बघतात तशी इंचाइंचाने बघितली. मग म्हणाले, “इथे कीड आहे.” हसले, पण तेवढ्यापुरतं. सहा नोव्हेंबरला, सोमवारी, दवाखाना उघडायचा आहे. चार तारखेच्या शनिवारी पुन्हा करून बघा, म्हणाले. तेव्हाही बिघडली तर रविवारी साधा रंग मारून घेऊ, मुकादमाला विचारून ठेवलंय.

मुकादमाला! म्हणजे माझ्या भिंतीवर टोळी रोलर फिरवणार आणि मी ते रस्त्यावरून बघणार.

पण दुसरी संधी दिली. नाही कुठे म्हणाले? हाकलून द्यायला हरकत नव्हती. मला वाटतं पाटी बघून त्यांचा जीव तिच्यात अडकलाय. टेबलावर ठेवलीय त्यांनी.

२५ ऑक्टोबर

बिघडलेला थर खरवडायला डॉक्टरांनी वॅनवालीलाच सांगितलं. मी म्हटलं, माझी घाण मी काढतो. ती म्हणाली, “मला पैसे मिळणार आहेत, तुझ्या मानापमानासाठी मी नाही सोडणार.” मग दोघांनी खरवडली. अर्धा दिवस दोघांची तोंडं पिठाच्या गिरणीतून आल्यासारखी.

मध्येच ती म्हणाली, “तुला अक्कल कमी नाही, कंत्राटदारा. हात कमी आहेत. दोन.”

“एकट्याने करायची आहे. परवान्याला तसंच लागतं.”

“परवान्याला आधी भिंत लागते. ती आहे का तुझ्याकडे?”

तिने बादलीतला घोटायचा दगड उचलला, हातात तोलला. “कसं करतात हे?” मी शिल्लक चुना एका फळीवर लावून दिला. म्हटलं, गोल फिरव, सारखा दाब, घाई नको. मला हे बोलायला सोपं, करायला जड जातं. तिने सुरू केलं आणि मी हातातली थापी खाली ठेवली. सहा वर्षं काचा पुसून तिचा हात सगळीकडे एकसारखा पडतो. कुठे जास्त नाही, कुठे कमी नाही. बोलताना तोंड कुठेही जाईल, पण हात जागेवर! दहा मिनिटांत फळी अशी झाली की माझी पाटी तिच्यापुढे मळकी दिसावी.

“बरोबर आहे का?” तिने विचारलं.

“ठीक आहे,” मी म्हटलं.

लिहितो इथे, तिला कुठे दिसणार आहे. ठीक नव्हतं. आबांसारखं होतं.

२९ ऑक्टोबर, रविवार

दादाने व्हिडिओवर शिकवलं. तिला. मला नाही. फोन मीच धरून उभा होतो. दादा तिला ‘तुम्ही तुम्ही’ करत होता, “तुमचं मनगट सैल आहे ते उत्तम, ह्याचं कायम ताठ.” ह्याचं म्हणे! मग एकदम आबा पुढे आले. दोन वर्षांनी आबांचा चेहरा दिसला आणि ते माझ्याकडे बघतच नव्हते, तिच्या हाताकडे बघत होते. म्हणाले, “बाळ, ओल संपत आली की दगड किंचित गातो. तो आवाज ऐकायचा. तेव्हा थांबायचं नाही.”

मला कधी नाही सांगितलं हे. मी ऐकायला थांबलो नसेन.

आबांनी जाताजाता विचारलं, “हा जेवतो का वेळेवर?” मलाच विचारायचं ना! ती म्हणाली, “उभ्या उभ्या खातो.” चहाडखोर.

बेत ठरला. चढवायचं मी, भराभर, माझी घाई तिथे उपयोगाची. माझ्या मागोमाग ती घोटत येणार. नळ्या आदल्या रात्रीपासून बंद. खिडक्यांवर ओल्या चादरी, तिच्या वॅनमधल्या. चार तारीख कधी उजाडते असं झालंय!

४ नोव्हेंबर, शनिवार

झाली! झाली! झाली!

बसून नीट लिहितो.

सहाला सुरू केलं. खोलीत इतका गारठा की तोंडातून वाफ येत होती. ओल्या चादरींमुळे खोलीला पावसाळ्यातल्या घरासारखा वास. मी परांचीवर, वरच्या डाव्या कोपऱ्यातून. ती चार फूट मागे. पहिला तासभर आमचं जुळेना. मी पुढे पळायचो, ती ओरडायची, “अरे थांब, तुझी भिंत माझ्यापासून पळून चाललीय!” मग मी हळू व्हायचो तर ती म्हणायची, “झोपलास का?” नंतर कधी जुळलं ते कळलंच नाही. मागे न बघता मला कळायला लागलं ती कुठे आहे. दगडाच्या आवाजावरून.

डॉक्टर अकराला आले, कोट, मफलर, हातमोजे घालून, स्वतःच्याच दवाखान्यात चोरासारखे. कोपऱ्यात उभे राहून बघत होते. उजवा कोपरा वाळायला लागला तसा मी ओरडलो, “पाणी!” आणि तिचे हात गुंतलेले. तर डॉक्टरांनी पिचकारी उचलली आणि बारीक फवारा मारला, इतका नेमका, जणू पेशंटला चूळ भरायला देतायत. मग दुपारभर तेच पाणीवाले. त्यांना जेवायचंही भान नव्हतं.

दुपारी तीनला माझं चढवून झालं. मधोमध बघितलं. रेघ नाही! नुसती भिंत. पुढचे दोन तास फक्त तिचे होते. मी शिडी सरकवत होतो, दिवा धरत होतो, तिच्या कपाळावरचा घाम डोळ्यात जायला लागला की रुमाल वर करत होतो, तिचे हात रिकामे नव्हते म्हणून. एका वेळी दगड खरंच गायला लागला, बारीक, चिमणीच्या पिलासारखा. तिने माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. ती थांबली नाही.

पाचला तिने दगड खाली ठेवला. डॉक्टरांनी छोटा दिवा काढला, भिंतीजवळ गेले, मग तो न लावताच खिशात ठेवला. म्हणाले, “आता मला नळ्या लावायला परवानगी आहे का?” आम्ही दोघं एकदम म्हणालो, “नाही!”

इतकं हसलो.

६ नोव्हेंबर

दवाखाना उघडला. पहिला पेशंट एक जाडा गृहस्थ, गाल सुजलेला. दोनदा हाक मारली तरी उठेना, भिंतीकडे बघत बसलेला. डॉक्टरांनी सही केली, फोटो जोडला. गावच्या शाळेच्या मुख्याध्यापिका दाताला आल्या होत्या, त्यांनी शाळेच्या हॉलसाठी विचारलंसुद्धा! दुसरी भिंत!

दादाला फोटो पाठवला. लगेच फोन आला. “काय चमकतेय रे! कुणाची भिंत?”

आमच्यात भिंत घोटणाऱ्याच्या नावाने ओळखतात. देवळाच्या मागची आबांची, वकिलांकडची दादाची, असं. चढवणारे दहा असोत. मी म्हटलं, हॅलो, हॅलो, आवाज येत नाही. येत होता.

वॅनवालीला सांगितलं, परवा सही घेऊन खिडकीवर जाणार. ती म्हणाली, “तुझं एकट्याचं लिही. माझा परवाना पक्का आहे, मला कुठे मिरवायचंय. सफाईला आले होते असं समज.” मोठं मन आहे तिचं. हे मी नाकारत नाही.

८ नोव्हेंबर, बुधवार

मी काय करून बसलो!

खिडकीवर त्याच बाई. कागद बघितले, शिक्का उचलला. आता मारणार एवढ्यात त्यांची नजर फोटोवर गेली. चष्मा वर करून बघत राहिल्या. म्हणाल्या, “ही चमक हाताने? तुमच्या?”

हो म्हणायचं होतं. जिभेवर होतं. तयारी करून गेलो होतो. आणि तोंडातून निघालं, “नाही. चमक तिची आहे.”

“कुणाची?”

मग सगळंच सांगितलं. चढवली मी, घोटली तिने, पाणी डॉक्टरांचं. बाईंनी शिक्का खाली ठेवला. अगदी हळू ठेवला. म्हणाल्या, मग हे एकट्याचं काम नाही, तुमच्या परवान्यात धरता येणार नाही. माझ्या कानात नुसता वारा. मग त्यांनीच दुसरा अर्ज काढून दिला. दोन स्वतंत्र कारागीर मिळून जोडनोंदणी करू शकतात. तिने सही केली तर हीच भिंत धरली जाईल आणि परवाना पक्का, दोघांचा मिळून. पण तिचा जुना नंबर बंद होणार. सहा वर्षांचा, एक डाग नसलेला. आणि मी चुकलो तर डाग दोघांवर.

कोण करेल असली सही? मुकादमाची टोळी दिसायला लागली डोळ्यांसमोर. पण खरं सांगू? खिडकीपासून दारापर्यंत येईतो मला हलकंच वाटत होतं. तसाच दादाला फोन केला. म्हटलं, परवा ऐकू आलं होतं मला. भिंत तिची आहे.

दादा म्हणाला, “ते आबांनी फोटो बघूनच सांगितलं होतं. तू कधी सांगतोस तेच बघत होते.”

अर्ज वॅनवालीला नेऊन दिला. तिने तो सगळा वाचला, पुढून मागून. मग म्हणाली, “मी लिही म्हटलं होतं ना तुझं एकट्याचं?”

“नाही लिहवलं.”

“का?”

“भिंत तुझी आहे.”

तिने अर्जाची घडी घातली आणि घेऊन गेली.

१० नोव्हेंबर

दोन दिवस फोन नाही. मी तीनदा लावला, उचलला नाही. खोलीची भिंत घासून काढली, दुसरं करायला काही नव्हतं. घरमालक विचारतो, कसला आवाज येतोय.

दुपारी वॅनचा हॉर्न. खाली पळालो, एकाच पायात बूट. ती काच खाली करून म्हणाली, “तीन अटी आहेत. गिऱ्हाइकाने ‘किती दिवस’ विचारलं की तू खोकायचं, उत्तर मी देणार.”

“बरं.”

“वॅनमध्ये चुना सांडला तर तू पुसायचा, आणि मी सांगते तसा पुसायचा.”

“बरं. तिसरी?”

“बसून जेवायचं.”

“ह्याचा धंद्याशी काय संबंध?”

“मंजूर आहे की जाऊ?”

मंजूर म्हटलं! रस्त्यातच ओरडलो. वरच्या खिडकीतून घरमालकाने बघितलं. बघू दे!

१३ नोव्हेंबर, सोमवार

परवाना पक्का! दोघांचा! शिक्का बसला, टेबल हललं, ह्या वेळी तीही साक्षीला होती.

फक्त एक गोष्ट मला नीट कळली नाही, ती लिहून ठेवतो. बाई अर्ज भरून घेत होत्या. नावं झाली, पत्ते झाले, कोण काय काम करतं ते झालं. मग एक रकाना आला, दोघांचं एकमेकांशी नातं काय. मी म्हटलं, “काही नाही, लिहा.” बाई लिहायला लागल्या तेवढ्यात ती पटकन म्हणाली, “कोरं ठेवा.” बाईंनी चष्म्यावरून एकदा तिच्याकडे बघितलं, एकदा माझ्याकडे, आणि पेन उचललं.

वॅनमध्ये मी तिला म्हटलं, “अगं, रकाना कोरा राहिला म्हणून अर्ज परत आला तर? एवढ्या मुश्किलीने झालाय.” तर तिने गाडी बाजूला घेतली, जिथे थांबायला मनाई आहे तिथे, आणि डोकं स्टीअरिंगवर टेकून हसत सुटली. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. दंड लागेल म्हटलं तर जास्तच हसायला लागली. मला चीड आली आणि मग मीही हसलो, उगाचच, कशाला ते माहीत नाही. आयुष्यात इतकं बरं कधी वाटलं नव्हतं. परवाना पक्का झाला म्हणून असणार.

उद्या सकाळी सातला शाळेची भिंत मोजायची. ती झाली की खिडकीवर जाऊन विचारून येतो, तो रकाना नंतर भरला तर चालतं का. बाई हो म्हणाल्या तर भरूनच टाकू, उगाच टांगती तलवार नको. त्यात काय लिहायचं ते तिलाच विचारतो. इथली भाषा वाचता तिलाच येते.